दिघ्याची भट्टी, दिल्लीचं सभागृह

तुर्भ्याहून ठाण्याची गाडी पकडली की पारसिकच्या डोंगराकडची खिडकी धरावी. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली अशी स्टेशनं मागे पडत जातात, पण डोंगर आणि रूळ यांच्या मधला पट्टा काही संपत नाही. पत्र्याच्या शेड, धुराडी, रसायनांच्या टाक्या, टेम्पोंच्या रांगा, गेटाबाहेरच्या चहाच्या टपऱ्या. हल्ली मधूनच काचेच्या इमारतीही डोकावतात. हा टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि तिच्या जुन्या वसाहतींमध्ये खाडीपलीकडची ही जमीन मोडते. प्रवाशांची लोकल इथून धावायला मात्र 2004 उजाडावं लागलं.

ऐरोली गेली की दिघा गाव. हे स्टेशन तर जानेवारी 2024 मध्ये उघडलं. त्याच्या परिसरात एक जुना पोलादाचा कारखाना आहे. पाटीवर ‘मुकंद’, लोकांच्या बोलण्यात ‘मुकुंद’. कागदोपत्री तो ‘कळव्याचा कारखाना’ म्हणून ओळखला जातो. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की या कारखान्याचे कर्तेधर्ते तीन वेळा संसदेत बसले. खासदार असतानाच त्यांच्यावर सरकारविरुद्धच्या कटाचा आरोप आला आणि त्या खटल्यातला पहिला आरोपी होता मुंबईचा सर्वात गाजलेला कामगार पुढारी. पुढे हेच गृहस्थ पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले आणि मार्क्सवादी मुख्यमंत्र्याला पदाची शपथ देण्याची वेळ या कारखानदारावर आली.

त्यांचं नाव वीरेन जीवनलाल शहा. 1926 ते 2013 असं आयुष्य त्यांना लाभलं. मला त्यांच्या पदांच्या यादीपेक्षा एका साध्या प्रश्नाचं कुतूहल आहे. पोलाद बनवणाऱ्या माणसाला कायदे बनवण्याच्या खोलीत जाऊन बसावंसं का वाटलं असेल? उत्तर शोधायला लागलं की एका कारखान्याआडून अख्ख्या देशाची साठेक वर्षं दिसायला लागतात.

सुरुवात लाहोरला होते. मुकंदलाल नावाच्या उद्योजकाची ही कंपनी 1937 मध्ये तिथे उभी राहिली. दोन वर्षांतच ती दोन घराण्यांच्या हाती आली. एक वर्ध्याचे जमनालाल बजाज, काँग्रेसचे खजिनदार, गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा म्हणत. दुसरे जीवनलाल शहा, कलकत्त्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा धंदा करणारे गुजराती व्यापारी. वीरेन हे त्यांचे चिरंजीव. फाळणी झाली, लाहोर पलीकडे गेलं, कंपनी मुंबईची झाली आणि वाढत वाढत ठाणे-बेलापूर रस्त्यावर आली. नाव तेवढं लाहोरचं राहिलं.

आता भट्टीत डोकावू. कळव्याच्या कारखान्यात पोलाद बनायचं ते भंगारातून. तुटक्या गाड्या, जुने रूळ, जहाजांचे पत्रे असला माल विजेच्या भट्टीत टाकायचा, वरून ग्रॅफाइटचे जाडजूड खांब खाली सोडायचे आणि वीज चालू करायची. खांब आणि भंगार यांच्या मधल्या हवेत ठिणगी पेटते आणि पेटतीच राहते. आपल्या घरातल्या बटणातून कधीमधी उडते ती ठिणगी इथे आभाळातल्या विजेसारखी कडाडते. सुमारे सोळाशे अंश सेल्सियसला लोखंड पाण्यासारखं हलू लागतं. मग त्यात क्रोमियम, निकेल, मँगनीज यांचं माप पडतं. माप चिमूटभर इकडेतिकडे झालं की सळईचा गुणधर्म बदलतो.

भट्टी दिघ्याला, पण तिची भूक भागायची दिल्लीहून. केंद्र सरकारने 1964 मध्ये मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन काढलं. परदेशी भंगार आणायचं तर दीर्घकाळ ते याच सरकारी कंपनीमार्फत यायचं. म्हणजे भट्टीत पडणाऱ्या मालाचा एक रस्ता कुठल्या तरी सरकारी टेबलावरून जायचा. भट्टी किती मोठी असावी हे ठरवणारं टेबल वेगळंच होतं.

त्या दुसऱ्या टेबलाची गोष्ट आजच्या तरुण वाचकाला दंतकथा वाटेल. 1951 चा उद्योग (विकास व नियमन) कायदा सांगायचा की नवा कारखाना काढायचा तर परवाना हवा, आहे तो बराच वाढवायचा तर परवाना हवा, नवा माल काढायचा तरी परवाना हवा. परवान्यावर आकडा लिहिलेला असे: वर्षाला एवढंच उत्पादन. विजेवर चालणारा आणि 50 किंवा जास्त माणसं राबणारा कारखाना या कायद्याच्या कक्षेत यायचा. त्याच्या खालचे मोकळे. शिवाय 1967 पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनी बनवाव्यात असं राखीव क्षेत्र सुरू झालं. सुरुवात 47 वस्तूंपासून झाली आणि पुढे यादी आठशेच्या पार गेली. शेवटच्या 20 वस्तू यादीतून निघाल्या त्या 2015 मध्ये. तुर्भ्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये एकाला एक चिकटून लहान लहान गाळे का दिसतात, असा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तराचा एक धागा इथे सापडतो. औद्योगिक वसाहतीचा नकाशा एमआयडीसीच्या इंजिनिअरांनी काढला खरा, पण गाळ्यांच्या मापावर दिल्लीत मंजूर झालेल्या कलमांचीही छाप आहे.

परवान्यावरच्या आकड्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण आकुर्डीच्या कारखान्याचं. बजाज ऑटोला 1959 मध्ये स्कूटर बनवायचा परवाना मिळाला. इटलीच्या पियाजिओशी करार होता, तो पुढे वाढला नाही आणि 1972 मध्ये ‘चेतक’ आली. मागणी एवढी की नोंदणी करून माणसं दहा दहा वर्षं थांबायची. मुलीच्या लग्नात स्कूटर द्यायची म्हणून ती शाळेत असतानाच नाव नोंदवून ठेवणारे बाप आपल्या आधीच्या पिढीने पाहिले आहेत. परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा, म्हणून आखातातल्या मावसभावाला पत्रं जायची. एवढी रांग गेटावर उभी असताना कारखान्याने जास्त स्कूटर काढल्या तर तो अपराध! देशाला हवा असलेला माल जास्त बनवला म्हणून तुरुंगात जावं लागलं तर आपली हरकत नाही, या अर्थाचं कंपनीचे कर्ते राहुल बजाज यांचं उत्तर उद्योगजगतात आजही सांगितलं जातं.

अशा काळात कारखानदाराला संसद परकी वाटेलच कशी? कोळसा, वीज, भंगार यांच्याइतकाच कायदा हाही त्याचा कच्चा माल होता. आणि तो बनायचा एकाच ठिकाणी.

1967 ची निवडणूक झाली आणि चौथ्या लोकसभेत एक विलक्षण योग जुळून आला. वर्ध्याहून काँग्रेसचे कमलनयन बजाज तिसऱ्यांदा निवडून आले. ते जमनालालांचे थोरले चिरंजीव. 1957 आणि 1962 मध्येही वर्धेकरांनी त्यांनाच दिल्लीला पाठवलं होतं. सौराष्ट्रातल्या जुनागढहून स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर वीरेन शहा आले. एकाच कंपनीत भागीदार असलेल्या दोन घराण्यांतले दोघे एकाच सभागृहात, एक सत्ताधारी बाकावर आणि एक विरोधी. शिवाय त्याच सभागृहात दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याला पाडून आलेले जॉर्ज फर्नांडिस होते. टॅक्सीवाले, पालिका कामगार, गोदीतले लोक यांच्या संपांनी मुंबई थांबवणारा हा माणूस. मालक आणि युनियन सहसा समोरासमोर बसतात ते पगारवाढीच्या टेबलाशी. इथे मालक दोन होते, पुढारी एक होता आणि टेबल अख्ख्या देशाचं होतं.

स्वतंत्र पक्ष हा राजाजींनी 1959 मध्ये उभा केलेला. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्दप्रयोग राजाजींमुळेच रूढ झाला आणि त्याला विरोध हाच पक्षाचा प्राण. 1967 मध्ये या पक्षाने 44 जागा जिंकल्या आणि तो लोकसभेतला सर्वात मोठा विरोधी पक्ष ठरला. वीरेन शहा त्या बाकांवर बसले, पण काळ उलट्या दिशेने वाहत होता. जुलै 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी मक्तेदारीला आळा घालणारा एमआरटीपी कायदा संमत झाला आणि 20 कोटींहून जास्त मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठी परवान्याच्या वर आणखी एक परवानगी लागू लागली. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली. परवाना कमी व्हावा म्हणून आलेल्या कारखानदाराच्या डोळ्यांदेखत परवाने वाढले होते.

1975 मध्ये ते राज्यसभेवर गेले. आणीबाणी त्याच वर्षी 25 जूनला लागली. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत झाले, जून 1976 मध्ये कलकत्त्यात पकडले गेले आणि ‘बडोदा डायनामाइट खटला’ उभा राहिला. आरोप असा की सरकारविरुद्ध घातपात करण्यासाठी डायनामाइट जमवण्याचा कट झाला. जॉर्ज धरून 25 आरोपी होते. त्यांत पत्रकार होते, समाजवादी कार्यकर्ते होते, आणि मुकंदचे व्यवस्थापकीय संचालक वीरेन शहा होते. 1974 चा रेल्वे संप घडवणारा पुढारी आणि पोलाद कारखान्याचा मालक एकाच आरोपपत्रात! बेड्या घातलेला हात उंचावलेला जॉर्ज यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच खटल्यात एक कारखानदारही होता हे आपण विसरून जातो.

मार्च 1977 मध्ये सत्ता बदलली आणि जनता सरकारने खटला मागे घेतला. यानंतरचं वळण एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण त्याला ‘अहो, जरा अती होतंय’ म्हटलं असतं. तुरुंगातूनच मुझफ्फरपूर जिंकलेले जॉर्ज फर्नांडिस काही महिन्यांत केंद्रीय उद्योगमंत्री झाले. परवान्यांच्या त्या टेबलाचे मालक आता कामगार पुढारी! त्यांच्या काळात कोका-कोला आणि आयबीएम यांनी देशातून गाशा गुंडाळला. आणि कारखानदार सहआरोपी राज्यसभेच्या बाकावर बसून हे सगळं पाहत होते.

इथे थोडं थांबून राज्यसभेचं गणित समजून घ्यायला हवं, कारण कारखानदार बहुधा याच दारातून आत येतात. लोकसभेला लाखो मतदारांपुढे हात जोडावे लागतात. राज्यसभेला मतदार म्हणजे आमदार. महाराष्ट्रात ते 288, आणि राज्यसभेच्या जागा 19. दर दोन वर्षांनी त्यांतल्या सहा किंवा सात जागा भरायच्या असतात. प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत 100 धरतात. सहा जागा असतील तर 28,800 ला सातने भागायचं आणि पुढचा पूर्णांक घ्यायचा: 4,115. म्हणजे पहिल्या पसंतीची 42 मतं मिळाली की जागा नक्की. सात जागा असतील तर 37 मतांत काम होतं. भागायचं जागांच्या संख्येत एक मिळवून, यातच सगळी गंमत आहे. जेवढ्या जागा तेवढ्याच लोकांना पुरेल आणि त्याहून एकालाही पुरणार नाही, असा तो किमान आकडा असतो. मूठभर आमदारांचा पक्षही एखादा माणूस आत पाठवू शकतो तो या भागाकारामुळे. 1990 मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे वीरेन शहा महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले ते याच पद्धतीने.

पोटनिवडणुकीचा मामला वेगळा. तिथे जागा एकच, म्हणून निम्म्याहून एक जास्त, म्हणजे सगळ्यांनी मतदान केलं तर 145 मतं लागतात. 2006 मध्ये प्रमोद महाजन यांच्या निधनाने महाराष्ट्रातली एक जागा रिकामी झाली. कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे अविनाश पांडे. भाजप आणि शिवसेना बजाजांच्या मागे उभी राहिली, पण 2004 च्या विधानसभा निकालांत या दोघांचे आमदार 54 आणि 62, बेरीज 116. अपुरी. तेव्हा राज्यात काँग्रेसबरोबर सत्तेत असलेल्या राष्ट्रवादीने, जिचे त्या निकालात 71 आमदार होते, आपलं वजन बजाजांच्या पारड्यात टाकलं. सरकारातले दोन भागीदार एका स्कूटरवाल्यापायी समोरासमोर उभे ठाकले आणि बजाज निवडून आले. 2010 पर्यंत ते खासदार होते. या मुदतीच्या शेवटाकडेच, डिसेंबर 2009 मध्ये, त्यांच्या मुलाने जाहीर केलं की कंपनी आता स्कूटर बनवणार नाही. ज्या वस्तूसाठी देश रांगेत उभा होता, ती तिच्या सर्वात प्रसिद्ध कर्त्याच्या खासदारकीतच बंद व्हायला निघाली. याचं दुःख झाल्याचं राहुल बजाज यांनी लपवलं नाही.

पुन्हा वीरेन शहांकडे येऊ, कारण त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात सुंदर योगायोग अजून सांगायचा आहे. 24 जुलै 1991 ला नवं औद्योगिक धोरण संसदेपुढे आलं. अवघे 18 उद्योग वगळता बाकी सगळ्यांसाठी परवाना रद्द. विस्तारासाठी लागणारी एमआरटीपीची परवानगीही गेली. त्या दिवशी वीरेन शहा राज्यसभेचे सदस्य होते. 1967 मध्ये ज्या परवान्याविरुद्ध ते सभागृहात शिरले, तो 24 वर्षांनी त्यांच्याच खासदारकीत संपला. तो संपवला मात्र काँग्रेसच्या सरकारने. त्यात या एका खासदाराचं कर्तृत्व किती, हे मोजता येणार नाही आणि मोजूही नये. तिजोरीतलं परकीय चलन आटलं होतं, हे मोठं कारण होतं. तरी एखाद्या माणसाच्या आयुष्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच इमारतीत भेटावेत, हे नवलच.

डिसेंबर 1999 मध्ये ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. तिथे डाव्या आघाडीचं राज्य होतं. नोव्हेंबर 2000 मध्ये ज्योती बसू पायउतार झाले आणि बुद्धदेव भट्टाचार्य यांना शपथ देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. वडिलांनी ज्या शहरात ॲल्युमिनियमची भांडी विकली, त्याच शहरातल्या राजभवनात हा प्रसंग घडला.

हे सगळं ऐकून कुणाच्याही मनात एक शंका येईल आणि ती आलीच पाहिजे. माल बनवणारा माणूस कायदा बनवायला बसला तर तो कायदा कुणासाठी बनवेल? घटनेने आणि कायद्याने ही शंका फार आधी ओळखली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9अ सांगतं की स्वतःच्या धंद्यात संबंधित सरकारला माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार चालू असेल तर माणूस अपात्र ठरतो. पण कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी ‘व्यक्ती’, म्हणून करार कंपनीचा असेल तर तिचे भागधारक यात सापडत नाहीत. ही फट मोठी आहे. ती थोडी बुजवण्यासाठी राज्यसभेने दुसरा मार्ग काढला. 1997 मध्ये तिची आचारनीती समिती स्थापन झाली आणि पुढे नियम 293 खाली हितसंबंधांची नोंदवही आली. सदस्याने आसन ग्रहण केल्यापासून 90 दिवसांत पाच गोष्टी लिहून द्यायच्या: मोबदल्याचं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीवर ताबा येईल एवढे शेअर, पैसे घेऊन दिलेला सल्ला आणि व्यावसायिक काम. शिवाय एखाद्या विषयात स्वतःचा पैसा गुंतला असेल तर बोलण्याआधी ते सभागृहात सांगावं लागतं.

या नोंदवहीमागचा विचार मला पटतो. कारखानदाराला सभागृहाबाहेर ठेवण्यात शहाणपणा नाही. भट्टी किती वाजता पेटते, तिसऱ्या पाळीला माणसं का मिळत नाहीत, एका परवान्याच्या विलंबाने किती पोलाद गार पडतं, हे ठाऊक असलेला माणूस तिथे हवाच. तुर्भ्यातल्या एखाद्या गाळेवाल्याला जीएसटीचा एक नियम किती रात्री जागवतो, हे फाइलीत लिहिलेलं नसतं. मात्र तो माणूस कुणाच्या खिशाच्या वतीने बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला आधी कळायला हवं. वीरेन शहा यांनी पोलादाचा धंदा लपवला नाही आणि राजकारणही लपवलं नाही. विरोधी बाक आणि आरोपीचा पिंजरा दोन्हीकडे ते उघड नावानिशी उभे राहिले. कारखानदार खासदाराकडून एवढी अपेक्षा धरणं अवाजवी नाही.

राज्यसभेच्या सदस्यांनी दिलेली ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचं शुल्क दहा रुपये. तुर्भे ते दिघा या प्रवासात मोबाइलवरही हा अर्ज भरता येतो. आपल्या राज्याच्या 19 जणांनी त्या पाच रकान्यांत काय लिहिलं आहे, हे एकदा वाचून पाहा.